नाडीवरचा हात तसाच राहू दे

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं, दोन दिवस जाऊ दिले आणि पुन्हा वाचलं. नाइट ड्युटी संपली तरी झोप लागत नाही, कंबर धरते, आईचा फोन आला तरी चिडायला होतं. आणि शेवटचं वाक्य: ‘काकू, मन शांत होईल असं काहीतरी योगाचं सांगा, पण लवकर गुण येईल असं.’ लवकर गुण येईल असंही सांगणार आहे, कारण तसं खरंच काही आहे. पण त्याआधी तुझ्याच नर्सिंगच्या कामातली एक गोष्ट.

वॉर्डात तुम्ही पेशंटचे श्वास मोजता, पण त्याला सांगून मोजत नाही. मनगटावर बोटं ठेवून आधी नाडी बघता. नाडी मोजून झाली तरी हात तसाच ठेवता आणि नजर हळूच छातीकडे नेता. कारण ‘तुमचे श्वास मोजते हं’ म्हटलं की माणूस लगेच वेगळाच श्वास घ्यायला लागतो. हे तुला शिकवलेलं आहे, तू रोज करतेस. आता तेच स्वतःला लावून बघ. डोळे मिटून ‘चला, प्राणायाम करू’ असं मनाशी म्हटलंस की खांदे वर चढतात, जबडा आवळतो, छाती फुगते. जो श्वास दिवसभर आपापला चालला होता, तो एकदम परीक्षेला बसल्यासारखा होतो. माझ्या योगाच्या वर्गाला येणाऱ्या बहुतेक नव्या माणसांचं असंच होतं. म्हणून मी सुरुवातीला श्वासाचं काहीच करायला सांगत नाही. नुसतं पाठ टेकून पडायचं, एक हात पोटावर ठेवायचा आणि हात वर-खाली होतो तो बघायचा. लांब करायचा नाही, खोल करायचा नाही. नाडीवरचा हात जसा पेशंटला कळू न देता ठेवतेस, तसाच हा. जमायला वेळ लागतो. पण ज्याला हे जमलं त्याचं पुढचं सगळं सोपं जातं, आणि हे वगळून पुढे गेलेली माणसं वर्षानुवर्षं छाती फुगवत बसलेली मी बघते.

आपल्या कोल्हापुरात हे गळी उतरवणं अवघड आहे. इथं मेहनतीला मान. शाहू महाराजांनी मल्लांना आश्रय दिला, खासबागेचं मैदान बांधलं, आणि आजही गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरीच्या तालमींत पहाटे पोरं घाम गाळतात. त्याचा मला अभिमान आहे. माझं माहेर तालमीच्या गल्लीतलंच. पण तीच अपेक्षा घेऊन लोक योगाला येतात. घाम निघाला पाहिजे, अंग दुखलं पाहिजे, पहिल्या दिवशी पायाच्या अंगठ्याला हात लागला पाहिजे. शरीराकडून मेहनत करून घेता येते गं, श्वासावर मात्र जोर चालत नाही. जोर केलास की तो उलट धावतो. वस्ताद लोकांनाही हे ठाऊक असतं. नव्या पोराकडून भरपूर बैठका काढून घेतील, पण त्याला धाप लागली की थांबवतात, श्वास जागेवर येऊ देतात आणि मगच पुन्हा मातीत उतरवतात.

आता तुला पटेल अशा भाषेत थोडं. मोठं माणूस स्वस्थ असताना मिनिटाला १२ ते २० श्वास घेतं, दर श्वासात साधारण अर्धा लिटर हवा. त्यातली सुमारे १५० मिलिलिटर नाक, घसा आणि श्वासनलिकेतच राहते. तिचा रक्ताशी संबंध येत नाही. आता हिशेब कर. १२ श्वास, दर श्वासात ५०० मिलिलिटर: मिनिटाला सहा लिटर आत गेले, पैकी ४,२०० मिलिलिटर कामाला आले. घाबरलेला माणूस मिनिटाला २४ वेळा, २५०-२५० मिलिलिटरचा उथळ श्वास घेतो. आत गेले तेवढेच सहा लिटर, पण कामाला आले फक्त २,४००. आणि मिनिटाला सहाच, पण एकेक लिटरचे संथ श्वास घेतलेस तर ५,१००. हवा तितकीच, कष्ट कमी, पदरात जास्त. दीर्घ श्वासाचं कौतुक जुन्या लोकांनी उगाच केलेलं नाही. ऑपरेशन झालेल्या पेशंटला तुम्ही श्वास ओढून तीन छोटे चेंडू वर उचलायचं ते स्पायरोमीटर देता आणि ‘जोरात नको, हळू ओढा’ म्हणता, ते तरी वेगळं काय आहे?

दुसरी गोष्ट स्वतःच्या मनगटावर बघ. नाडीवर बोटं ठेव, सावकाश श्वास घे, त्याहून सावकाश सोड. घेताना ठोके किंचित जलद होतात, सोडताना संथ. तरुण माणसात हा फरक ठळक जाणवतो. सोडण्याच्या वेळी हृदय संथ ठेवणाऱ्या व्हेगस नर्व्हचा लगाम जास्त चालतो, म्हणून तसं होतं. तेव्हा लवकर गुण येईल असं जे तू मागितलंस ते हेच: श्वास सोडण्याची वेळ घेण्याच्या वेळेपेक्षा जास्त ठेवायची. मनात चार म्हणेपर्यंत नाकानं घ्यायचा, सहा म्हणेपर्यंत नाकानंच सोडायचा. दहा सेकंदांचा एक श्वास, मिनिटाला सहा. चार-सहा जड जात असेल तर तीन-चार कर. सोडताना शेवटी पोट पिळून हवा काढायची नाही. पुढचा श्वास घाईनं, हापापल्यासारखा आत आला तर समजायचं की आपण जास्त ओढलं. मग एक-दोन अंक कमी करायचे.

मिनिटाला सुमारे सहा श्वास झाले की हृदयाच्या ठोक्यांची आणि रक्तदाबाची चढउतार एका लयीत यायला लागते. २००१ साली इटलीतल्या संशोधकांनी लोकांना एकदा ख्रिस्ती जपमाळेची लॅटिन प्रार्थना म्हणायला लावली आणि एकदा ‘ॐ मणि पद्मे हुम्’ हा मंत्र. दोन्ही वेळा श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला. मला ते वाचून फार आनंद झाला होता. माळ घेऊन जप करणाऱ्या आपल्या आज्यांना कुणी श्वासाचे अंक शिकवले नव्हते.

हे करायला तू वेळ कुठून आणणार, हे मला ठाऊक आहे. अर्धा तास बस म्हटलं तर तू चार दिवस बसशील आणि पाचव्या दिवशी डबल ड्युटी लागेल. म्हणून तुझ्यासाठी जागा शोधून ठेवली आहे: वॉर्डातलं वॉश बेसिन. साबण-पाण्यानं हात धुवायला ४० ते ६० सेकंद लावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेवढ्यात दहा सेकंदांचे चार ते सहा श्वास बसतात. एका पेशंटकडून दुसऱ्याकडे जाताना हात तू धुणारच. नळ सुरू झाला की खांदे खाली, जीभ टाळूपासून सैल, आणि सोडणारा श्वास लांब. कुणाला काही कळणार नाही, वेगळा वेळ लागणार नाही, आणि हातही नीट धुतले जातील. दिवसातून जितक्या वेळा हात धुशील तितक्या वेळा हा अभ्यास होईल. पहाटे एकदाच तासभर करून उरलेला दिवस दात आवळून काढणाऱ्यापेक्षा तुझं जास्त साधेल, असं माझं ठाम मत आहे.

याची ताकद मी २०१९ च्या महापुरात बघितली. पंचगंगेचं पाणी गावात शिरलं, माणसं शाळांच्या वर्गांत, मंगल कार्यालयांत येऊन राहिली, तेव्हा आम्ही काही बायका भाकरी घेऊन जायचो. कुणाची जनावरं गोठ्यात राहिली होती, कुणाला घराची भिंत उभी आहे की नाही ते माहीत नव्हतं. तिथं आसनं कुणाला शिकवणार? ज्यांना रात्री डोळा लागत नव्हता अशा बायकांजवळ मी नुसती बसायची आणि आम्ही मिळून गुणगुणायचो. ओठ मिटलेले, दात किंचित विलग, आणि सोडणाऱ्या श्वासाबरोबर ‘म्’चा बारीक आवाज, संपेल तिथपर्यंत. भ्रामरी म्हणतात ती हीच. एक आजी म्हणाल्या, हे तर मी नातवाला झोपवताना करते. दुःख तिथंच होतं, पाणीही उतरलेलं नव्हतं, पण छातीवरचा धोंडा थोडा सरकायचा आणि त्या आडव्या व्हायच्या. गुणगुणण्यात सोडणारा श्वास आपोआप लांबतो, मोजावं लागत नाही. शिवाय गुणगुणताना नाकातल्या हवेत नायट्रिक ऑक्साइडचं प्रमाण कितीतरी पटींनी वाढतं, हेही मोजलेलं आहे. ड्युटीवरून आल्यावर डोकं भणभणत असेल आणि अंक मोजायचाही कंटाळा असेल, तेव्हा भ्रामरी कर. रूममेट झोपलेली असेल तर आपल्यालाच ऐकू येईल इतकीच.

आता कंबर. तुझ्या कंबरेचं निम्मं दुखणं पेशंट उचलताना कंबरेत वाकण्याचं आहे आणि उरलेलं तासन् तास उभं राहण्याचं. पेशंट सरकवताना गुडघ्यात वाक, पलंग वर-खाली होत असेल तर आधी तो उंच करून घे, आणि एकटीनं उचलू नकोस. मावशींना किंवा ब्रदरला हाक मार. हे आसनांच्या आधी. मग घरी सतरंजी नाहीतर घडी घातलेली घोंगडी पसर. पावसाळ्यात आपल्याकडे फरशीला ओल सुटते, तेव्हा घोंगडीच बरी. हातागुडघ्यांवर ये आणि मार्जारासन कर, श्वास सोडताना पाठ वर गोल, घेताना खाली. मग पोटावर पडून भुजंगासन, पण हातांनी रेटून वर जायचं नाही. पाठीच्या जोरावर जेवढं उठवेल तेवढंच. मग उताणी होऊन, गुडघे दुमडून कंबर वर उचलायचं सेतुबंध, आणि शेवटी एकेक गुडघा छातीशी. प्रत्येक ठिकाणी पाच संथ श्वास पुरेत. श्वास अडला किंवा चेहरा आवळला तर तेवढं आसन जास्त झालं, मागे ये. पतंजलींनी आसनाला स्थिर आणि सुखाचं असं दोनच शब्दांत बसवलं आहे. जिथं सुख गेलं तिथं व्यायाम चालू असेल, पण श्वासासाठी लागणारं आसन मोडलेलं असतं. कंबरेतून कळ पायात उतरत असेल, मुंग्या येत असतील, तर यातलं काहीही न करता आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखव.

सूर्यनमस्काराबद्दल तू विचारलं आहेस. मला ते फार प्रिय आहेत. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी ते आपल्या संस्थानातल्या शाळांत नेले, ही माझ्या दृष्टीनं मोठी समाजसेवा. पण नाइट संपवून आल्यावर सूर्यनमस्कार घालू नकोस. ते अंग जागं करतात, आणि तुला त्या वेळी झोपायचं आहे. मॉर्निंग ड्युटीच्या आधी किंवा सुट्टीच्या दिवशी घाल. सहा घातले तरी चालेल, मात्र सावकाश.

नाइटनंतर एवढंच कर: रूमवर ये, हातपाय धू, काहीतरी हलकं खा, पडदा ओढ. भिंतीला कुल्ले टेकवून पाय भिंतीवर सरळ वर ठेव, हात बाजूला सैल. रात्रभर उभं राहून पायांत उतरलेला जडपणा दहा मिनिटांत कमी होतो. त्या अवस्थेत चार-सहाचा श्वास. मग कुशीवर वळ आणि झोप. मोबाइल दुसऱ्या खोलीत. आणि हो, नाइट संपल्यावर डोळे मिटत असतील तर मोपेड चालवू नकोस, केएमटीच्या बसनं जा. हा सल्ला कुठल्याही प्राणायामाइतकाच महत्त्वाचा मानते मी.

आता जेवणाचं. तांबडा-पांढरा सोड असं मी कधी कुणाला सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. पण रात्रभर जागून सकाळी रिकाम्या पोटी कटाची मिसळ, आणि मग ‘ॲसिडिटी झाली, कोणतं आसन करू?’ हा प्रश्न मला दर आठवड्याला कुणीतरी विचारतं. त्याला आसन नाही. मिसळ सुट्टीच्या दिवशी खा. पोटभर जेवल्यावर तीन-चार तास आसनं नकोत. संथ श्वास मात्र केव्हाही चालतो.

पत्रात तू जाता जाता लिहिलंस की मागच्या तपासणीत हिमोग्लोबिन नऊ आलं होतं. जाता जाता लिहायची गोष्ट आहे का ही? जिना चढताना धाप, थकवा, चिडचिड, छातीत धडधड, हे सगळं नुसत्या रक्ताच्या कमतरतेनंही होतं. तू नर्स आहेस, पेशंटला हेच समजावतेस. गूळ-शेंगदाणे खातेच आहेस, पण आपल्या गुळाचा कितीही अभिमान असला तरी नऊचं बारा त्यानं होणार नाही. डॉक्टरांना दाखव, लोहाच्या गोळ्या घे, कारण शोधायला लाव. अंगात रक्त कमी असताना प्राणायामानं तरतरी आणण्याची घाई नको.

आणि कपालभाती तूर्तास बंद. व्हिडिओ बघून तू रोज जोरजोरात करतेस, मग बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं, आणि त्यात सांगितलं आहे की ही शक्ती जागी होण्याची खूण. तसं नाही. भराभर श्वास टाकला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात त्यानं चक्कर येते, आणि रक्तातला आम्लपणा कमी होतो त्यानं मुंग्या येतात. जुन्या हठयोगाच्या परंपरेत कपालभाती ही शुद्धिक्रिया मानली आहे, धौती, नेती यांच्या रांगेतली. ती योग्य माणसाला, योग्य वेळी, समोर बसून शिकवायची गोष्ट आहे. उच्च रक्तदाब, हर्निया, गरोदरपण, पोटाचं नुकतंच झालेलं ऑपरेशन, फिट्सचा त्रास, यांत ती करायची नाही. पाळीच्या दिवसांतही नको. श्वास रोखून धरण्याचंही तेच. सध्या कुंभकाच्या वाटेला जाऊच नकोस. महिनाभर लांब उच्छ्वास आणि भ्रामरी, मग कुंभकाशिवाय अनुलोम-विलोम. घाई करण्यासारखं यात काही नाही.

असं सगळं तपासून घ्यायची रीत आपल्याच मातीतली आहे, हेही तुला माहीत असू दे. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, यांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं आणि ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक सुरू केलं. नौली, उड्डियान या पोट आत ओढण्याच्या क्रिया करताना पोटात नेमकं काय होतं हे त्यांनी क्ष-किरण यंत्र आणि दाबमापक लावून बघितलं. शंभर वर्षांपूर्वी. श्रद्धा होती म्हणूनच त्यांना मोजून बघायची भीती वाटली नाही. तूही डोळे झाकून माझं ऐकू नकोस. पंधरा दिवस करून बघ, झोपेची वेळ वहीत लिही, आणि काही बदल झाला नाही तर मला तसं स्पष्ट सांग.

आता ध्यान. यावर मी सगळ्यात जास्त विचार केला, कारण तुझ्या पत्रात ते पेशंट आजोबा आहेत. तुझ्या ड्युटीत गेले, हात तुझ्या हातात होता, आणि आता डोळे मिटले की त्यांचा चेहरा समोर येतो. तू लिहितेस, ध्यानाला बसले तरी तेच दिसतं, म्हणजे मला ध्यान जमत नाही.

तसं मानू नकोस. डोळे मिटून बसलं की जे आत साठलेलं असतं ते वर येतंच. पण ते फार जोरानं येत असेल तर सध्या डोळे मिटून बसायचंच नाही. डोळे अर्धे उघडे ठेव, खुर्चीवर बस, तळपाय जमिनीला टेकलेत ते जाणव, खोलीतल्या चार वस्तूंकडे बघ. तेही जड गेलं तर उठ आणि रंकाळ्यावर चाल. बोलू नकोस, कानात काही घालू नकोस. श्वास घेताना चार पावलं, सोडताना सहा. हेही ध्यानच आहे, आणि तुझ्यासारख्या दुखावलेल्या, दमलेल्या मनाला बसण्यापेक्षा ते जास्त मानवतं. चेहरा आला तर ‘आलात आजोबा?’ म्हण आणि चालत राहा. ढकलू नकोस, धरूही नकोस. आणि त्या रात्रीबद्दल कुणाशी तरी बोल. इनचार्ज सिस्टर मायेच्या असतील तर त्यांच्याशी, नाहीतर माझ्याशी.

पेशंटच्या नातेवाइकांच्या ओरडण्याबद्दल लिहिलं आहेस, त्यावर एक जुनी गोष्ट सांगते. योगसूत्रांच्या पहिल्या पादात ३३ आणि ३४ ही दोन सूत्रं लागोपाठ आहेत. मन निवळण्यासाठी पतंजली आधी चार भाव सांगतात: सुखी माणसाशी मैत्री, दुःखी माणसाविषयी करुणा, चांगलं करणाऱ्याला बघून आनंद, आणि वाईट वागणाऱ्याविषयी उपेक्षा. लगेच पुढच्या सूत्रात म्हणतात, किंवा श्वास बाहेर सोडून आणि धरून. माणसांशी कसं वागायचं आणि श्वास कसा सोडायचा, हे त्यांनी शेजारी शेजारी ठेवलं आहे. तुझा वॉर्ड म्हणजे या चारही प्रकारच्या माणसांची जागा. करुणा तुझ्याकडे भरपूर आहे, जरुरीपेक्षा जास्तच आहे. तुला शिकायची आहे ती उपेक्षा. जो माणूस काउंटरवर हात आपटून तुझ्यावर ओरडतो, त्याच्या आत भीती असेल तर करुणा ठेव. पण नुसता माजच असेल, तर त्याचे शब्द घरी घेऊन यायचे नाहीत. नळ सोडायचा, हात धुवायचे, श्वास सोडायचा.

पण उपेक्षेचा अर्थ सगळं सोसत राहणं असा घेऊ नकोस. तुला एकटीलाच लागोपाठ नाइट लावल्या जातात, ठरलेली सुट्टी आयत्या वेळी कापली जाते, हे तू लिहिलं आहेस. याचा उपाय योगात शोधू नकोस. चार सहकाऱ्यांना बरोबर घे, ड्युटी चार्टच्या नकला काढ आणि मेट्रनना लेखी दे. मन शांत असलं की हे बोलणं नीट होतं, आवाज चढत नाही आणि मागणीवरून ढळायलाही होत नाही. कामावर माणसांना शांत ठेवायला म्हणून योगाचा तास लावायचा आणि माणसं मात्र कमीच ठेवायची, हा प्रकार मला अजिबात पटत नाही. झोप ही झोपच घेऊन भरून काढावी लागते.

आणखी एक, गांभीर्यानं. पंधरा दिवस सलग मन उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, जगू नये असं मनात येत असेल, तर माझ्या पत्राची वाट बघू नकोस. मानसोपचारतज्ज्ञांकडे जा, किंवा टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन कर. सरकारी सेवा आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. औषध सुरू झालं तर घे. औषध घेणाऱ्याला योग जमत नाही असं कुणी म्हणालं तर त्याच्याकडून योग शिकू नकोस.

शिकायचं कुणाकडून, हा प्रश्न उद्या ना परवा येईलच, कारण मी काही तुला रोज भेटणार नाही. जो शिकवणारा पहिल्या दिवशी तुझी दुखणी विचारून घेतो, तुझं आसन कुठं थांबवायचं ते सांगतो आणि न विचारता अंगाला हात लावत नाही, तो बरा. मधुमेहाच्या गोळ्या बंद करा, कॅन्सर बरा करतो, थायरॉइड महिन्यात घालवतो असं म्हणतो, त्याच्या दारातून मागे फीर. फी जास्त की कमी यावरून काही ठरवू नकोस.

पुढच्या आठवड्यात तुझी ड्युटी कशी आहे ते कळव. मॉर्निंग नसेल तर गुरुवारी सकाळी सहाला वर्गाला ये, पोट रिकामं ठेवून, सैल सलवार घालून. रक्ताचा रिपोर्ट आणि ड्युटी चार्ट दोन्ही बरोबर आण. तुझ्या नाइट बघून कोणत्या दिवशी काय करायचं ते चार्टवरच लिहून देईन. बुधवारी नाइट असेल तर मात्र येऊ नकोस, झोप. मी पुढच्या गुरुवारी असेनच.

आईला नमस्कार सांग, आणि आज तिला फोन कर.

तुझी,
काकू